केनवडहून परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो? अभ्यास, काम आणि पैशांचा खरा हिशोब

परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींचे फोटो सोशल मीडियावर रोज दिसतात. बर्फात काढलेला सेल्फी, विद्यापीठाची जुनी दगडी इमारत, सुट्टीत केलेली सहल. वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात हे फोटो मोबाईलवर पाहिले जातात, तेव्हा त्यातून दोन समज तयार होतात. पहिला, तिकडे गेलं की मजाच असते. दुसरा, शिकता शिकता काम केलं की सगळा खर्च निघतो आणि वर घरीही पैसे पाठवता येतात.

पहिल्या समजामुळे फार तर हेवा वाटतो. दुसरा समज मात्र महागात पडू शकतो. कारण त्याच्या भरवशावर घरं कर्ज काढतात. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावर चालणाऱ्या या भागात असं कर्ज म्हणजे पुढच्या कित्येक हंगामांचं गणित असतं. वाशिम हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा आहे, म्हणजे इथे चुकीला फारशी जागा नाही.

हा समज तपासायचा सोपा मार्ग म्हणजे फोटो बाजूला ठेवून आठवड्याचे तास मोजणं.

आठवड्याच्या १६८ तासांचं काय होतं?

आठवड्यात १६८ तास असतात. रोज ८ तास झोप धरली तर ५६ तास गेले. उरले ११२.

आता अभ्यास. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारण एका वर्षाचा आणि १८० क्रेडिटचा असतो. एक क्रेडिट म्हणजे १० तासांचा अभ्यास, असं तिथलं माप आहे. म्हणजे वर्षभरात १,८०० तास. आठवड्याला हे साधारण ३५ ते ४० तास होतात. युरोपातल्या इतर देशांत एका वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरले जातात. तिथेही वर्षाचा आकडा १,५०० ते १,८०० तासांवरच येतो.

यातले वर्गात बसण्याचे तास थोडे असतात. अनेक अभ्यासक्रमांत आठवड्याला दहा-बारा तासच लेक्चर असतात. वेळापत्रक पाहून नव्या विद्यार्थ्याला वाटतं, भरपूर वेळ आहे. पण बाकीचे तास वाचन, प्रयोगशाळा, गटाने करायचं काम आणि लेखी असाइनमेंट यांत जातात. ते कोणी मागे लागून करून घेत नाही. पहिल्या सत्रात फसगत होते ती बहुतेक इथेच.

त्यात २० तासांची नोकरी जोडली की ५२ ते ५७ तास उरतात. स्वयंपाक, भांडी, कपडे, किराणा, प्रवास, नोकरीचे अर्ज, घरचे फोन आणि आजारपण हे सगळं त्यातच बसवावं लागतं. फोटो त्यातूनच येतात, पण ते आठवड्यातल्या एखाद्या तासाचे असतात.

वर्गात काय वेगळं असतं?

सर्वात मोठा फरक म्हणजे पाठांतराला फारशी किंमत नसते. आधी ठरवून दिलेलं वाचन करून यायचं आणि वर्गात त्यावर बोलायचं, अशी अपेक्षा असते. प्राध्यापकांना बरेचदा नावाने हाक मारली जाते. ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायची सवय असलेल्या मुलांना हे सुरुवातीला अवघड जातं. प्राध्यापकांचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगणं उद्धटपणा मानला जात नाही. उलट गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याने वाचलेलं नाही, असा अर्थ काढला जाऊ शकतो.

गुणांचं मापही वेगळं आहे. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पातळीवर ५० गुणांना उत्तीर्ण आणि ७० च्या पुढे ‘डिस्टिंक्शन’ असतं. बारावीत ८५ टक्के मिळवलेल्या मुलाला पहिल्या निबंधात ६२ गुण दिसले की धक्का बसतो. प्रत्यक्षात ते चांगले गुण असतात. जर्मनीत तर मोजणी उलटी आहे. १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास.

तिसरी गोष्ट उचलेगिरीची. दुसऱ्याचा मजकूर संदर्भ न देता वापरणं हा गंभीर गुन्हा समजला जातो. लेखन सॉफ्टवेअरमधून तपासलं जातं. गाईडमधला किंवा इंटरनेटवरचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवण्याची सवय इथेच सोडून जावी लागते. चौकशीत दोष सिद्ध झाला तर त्या विषयात नापास होण्यापासून विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. विद्यापीठाने काढलं की व्हिसाही धोक्यात येतो.

काम करून खर्च निघतो का?

प्रत्येक देशाने विद्यार्थ्यांच्या कामावर मर्यादा घातली आहे.

ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार धरला जातो. एका आठवड्यात २५ तास आणि दुसऱ्यात १५ तास, अशी सरासरी चालत नाही. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात उन्हाळ्यातला प्रबंध लिहिण्याचा काळही सत्रातच धरतात. त्यामुळे ‘उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून पैसे जमवू’ हा बेत बहुतेकांचा फसतो. स्वयंरोजगारालाही बंदी आहे, म्हणून अ‍ॅपवरून जेवण पोहोचवण्याची स्वतंत्र स्वरूपाची कामं विद्यार्थी व्हिसावर करता येत नाहीत.

अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच आठवड्याला २० तास काम करता येतं. वाचनालय, मेस, संगणक कक्ष अशी ती कामं असतात. बाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस.

आता ब्रिटनचा हिशोब करून पाहू. एप्रिल २०२५ पासून तिथे २१ वर्षांवरील कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. आठवड्याला पूर्ण २० तास काम मिळालं तर २४४ पौंड होतात. चार आठवड्यांचे साधारण ९७७ पौंड.

खर्चाची बाजू काय सांगते? विद्यार्थी व्हिसा देताना ब्रिटिश सरकार राहण्या-खाण्यासाठी पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मागतं. जानेवारी २०२५ पासून ही रक्कम लंडनसाठी महिन्याला १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड होती. पुढे त्यात आणखी वाढ झाली.

म्हणजे कायद्याने मान्य असलेलं सगळं काम मिळालं, एकही आठवडा रिकामा गेला नाही, तरी लंडनबाहेरचा महिन्याचा खर्चसुद्धा पूर्ण निघत नाही. लंडनमध्ये तर ५०० पौंड कमी पडतात. शिक्षण शुल्क यात धरलेलंच नाही. परदेशातलं काम खर्चाला हातभार लावतं. ते शिक्षण शुल्क फेडत नाही आणि कर्जाचा हप्ताही भरत नाही.

जर्मनीचं गणित थोडं बरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. त्याऐवजी खर्चाची रक्कम आधीच एका ‘ब्लॉक्ड’ खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे आणि त्यातले महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. अडचण भाषेची असते. वर्गात इंग्रजी चालली तरी दुकानात, गोदामात आणि सरकारी कार्यालयात जर्मन लागते.

मर्यादेपेक्षा जास्त तास काम केलं तर काय होतं? रोखीत पैसे देणारे मालक सगळीकडे भेटतात. पण तो व्हिसाच्या अटींचा भंग असतो. पकडलं गेलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि कर्ज मात्र तसंच राहतं. अशा मालकाने पगार बुडवला तर तक्रार करायलाही विद्यार्थी घाबरतो.

मग पैसा येतो कुठून?

एक मार्ग शिष्यवृत्तीचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या ७५ जागा असतात. मराठा आणि कुणबी समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ची योजना आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात शिक्षण शुल्क वेगळं भरलं जातं आणि राहण्या-खाण्यासाठी ब्रिटनमध्ये वर्षाला ९,९०० पौंड, तर अमेरिका आणि इतर देशांत १५,४०० डॉलर मिळतात.

९,९०० पौंड म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. वर दिलेल्या १,१३६ च्या आकड्याशी तुलना केली की शिष्यवृत्तीधारकालाही काटकसर का करावी लागते ते कळतं. त्यात हप्ता उशिरा आला तर खोलीभाड्याची तारीख थांबत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून जाणं शहाणपणाचं ठरतं. केंद्राच्या शिष्यवृत्तीत बाजूने मिळणाऱ्या उत्पन्नावरही मर्यादा आहे. ती ओलांडली तर भत्ता कमी होतो.

दुसरा मार्ग बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा. मोठ्या कर्जाला तारण लागतं आणि शेतकरी घराची अडचण इथे सुरू होते. कर्जवसुलीसाठी बँका वापरतात तो २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे अनेक बँका शेतजमीन तारण घ्यायचं टाळतात. घर, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. केवळ वावर असलेल्या घराला मग जास्त व्याजाच्या खासगी कर्जाकडे वळावं लागतं. शिक्षण सुरू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं, हेही लक्षात ठेवावं लागतं.

खोली, स्वयंपाक आणि थंडी

बहुतेक विद्यार्थी सामाईक घरात राहतात. स्वतःची एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर चार-पाच जणांत. बाहेरचं जेवण परवडत नाही, त्यामुळे भाकरी-भाजी न शिकता गेलेला मुलगाही महिन्याभरात वरण-भात शिकतो. आठवड्याचा स्वयंपाक रविवारी करून डब्यांत भरून ठेवायचा, ही सर्रास पद्धत आहे.

पहिला गोंधळ फोडणीचा होतो. मोहरी-मिरचीचा धूर झाला की छतावरचा स्मोक अलार्म वाजतो आणि होस्टेल असेल तर कधी कधी सगळी इमारत रिकामी करावी लागते. म्हणून फोडणी मंद आचेवर, पंखा लावून आणि दार बंद ठेवून करायची, हे ज्येष्ठ विद्यार्थी पहिल्याच दिवशी सांगतात.

घरून काय नेता येतं यालाही नियम आहेत. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे आईने दिलेलं साजूक तूप आणि पेढे विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. ऑस्ट्रेलियात नियम आणखी कडक आहेत. तिथे खाण्याचा पदार्थ जाहीर केला नाही तर मोठा दंड होतो. पापड, कोरड्या चटण्या आणि मसाले साधारण चालतात, पण जाहीर करणं कधीही चांगलं. तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांत मिळतं. ज्या तुरीचा भाव गावात पडलेला असतो, तीच तिकडे पौंडात विकत घ्यावी लागते.

थंडीपेक्षा अंधार जास्त त्रास देतो. डिसेंबरमध्ये लंडनला सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. वाशिमच्या उन्हात वाढलेल्या मुलाला हे आठवडे जड जातात. झोप बिघडते, एकटेपणा वाटतो. विद्यापीठांत समुपदेशनाची मोफत सोय असते. तिथे जाणं कमीपणाचं समजलं जात नाही.

तब्येतीची व्यवस्था देशानुसार बदलते. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. त्यानंतर सरकारी सेवेत डॉक्टरची तपासणी मोफत असते, पण गेल्या गेल्या जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावं लागतं. जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. अमेरिकेत विमा असूनही उपचाराचा काही भाग खिशातून जातो.

घरचा फोन कधी लागतो?

केनवडमध्ये रात्रीचे नऊ वाजलेले असतात, जेवणं झालेली असतात आणि घरचे फोन करायला बसतात. हिवाळ्यात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे साडेतीन, बर्लिनमध्ये साडेचार आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे ऐन वर्गाची किंवा कामाची वेळ. सिडनीत पहाटेचे अडीच. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं बदलतात आणि हे अंतर पुन्हा एका तासाने सरकतं. फोन उचलला नाही म्हणून ‘पोरगं बदललं’ असं वाटायला लागतं, तेव्हा बरेचदा कारण एवढंच असतं.

शेतीचं आणि विद्यापीठाचं वेळापत्रकही जुळत नाही. तिकडचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. गावात सोयाबीनची सोंगणी जोरात असते तेव्हा तिकडे पहिल्या असाइनमेंटची तारीख जवळ आलेली असते. दिवाळीची सुट्टी नसते. घरची वाईट बातमी मुलाला सांगायची नाही आणि मुलाने आपली अडचण घरी सांगायची नाही, असा दोन्हीकडून मौनाचा करार होतो. पैसे संपत आल्याचं शेवटच्या आठवड्यात कळण्यामागे अनेकदा हेच मौन असतं.

आधीच्या पिढ्यांनी कसं निभावलं?

ही ओढाताण नवी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. थंडी आणि आजारपणाने तब्येत खालावली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला ते लंडनला परतले, तेव्हा स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पैसे अशी जुळवाजुळव करावी लागली होती. लंडनमधलं त्यांचं १०, किंग हेन्रीज रोड हे निवासस्थान महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं.

विदर्भातलं मोठं उदाहरण डॉ. पंजाबराव देशमुखांचं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा १९२० मध्ये ब्रिटनला गेला, एडिंबरा आणि ऑक्सफर्डमध्ये शिकला आणि बॅरिस्टर होऊन परतला. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. अलीकडच्या काळात रिसोडच्या शेजारच्या लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. त्यांची ‘एकलव्य’ संस्था ग्रामीण मुलांना उच्च शिक्षणासाठी मार्गदर्शन करते.

अडचण आली तर कोणाला सांगायचं?

पहिला दरवाजा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा. शुल्काचा हप्ता लांबवणं, आजारपणात परीक्षेची मुदत वाढवणं, अडीअडचणीला छोटी मदत मिळणं हे तिथून होऊ शकतं. अट एकच, मुदत संपण्याआधी सांगायचं. दुसरा दरवाजा भारतीय दूतावासाचा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर परदेशातल्या भारतीयांना तक्रार नोंदवता येते. देशात पोहोचल्यावर दूतावासाकडे नाव नोंदवून ठेवलं तर संकटात संपर्क सोपा होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून भारतीय विद्यार्थ्यांना परत आणण्यात आलं, तेव्हा अशा नोंदीचं महत्त्व सगळ्यांनाच कळलं.

निघण्याआधी घरात कोणता हिशोब व्हावा?

परदेशी शिक्षणाचा निर्णय घेताना घरात तीन आकडे कागदावर लिहिलेले असावेत. त्या शहरात महिन्याला लागणारा खर्च, कायद्याने आठवड्याला करता येणारं काम, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी मिळेपर्यंत घर किती महिने व्याज सोसू शकेल तो आकडा. कामातून मिळणारे पैसे पहिल्या तीन महिन्यांत शून्य धरावेत, कारण बँक खातं, कर क्रमांक आणि काम शोधण्यातच तो काळ जातो.

हे आकडे जुळले तर केनवडहून निघालेल्या मुलाला किंवा मुलीला तिकडे २० तासांचं काम अभ्यासाच्या बाजूने करता येतं. आकडे जुळत नसतील तर तेच काम अभ्यासाच्या जागेवर येऊन बसतं. शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा करणं, शुल्क नसलेलं विद्यापीठ शोधणं किंवा एक वर्ष थांबणं, हे तिन्ही मार्ग तेव्हा खुले असतात. एकदा कर्जाची सही झाली की ते राहत नाहीत.